जितकी नाटकं तितक्या जागा

नागपंचमी झाली की माझा फोन तापायला लागतो. वडशाच्या नाटक कंपन्या जाग्या होतात. "बाई, यंदा आमच्यासाठी काय लिवून राह्यल्या?" "बाई, हिरोईनले रडाचा सीन मोठा ठेवजा." "बाई, मागच्या सालच्यापेक्षा जरा जोरदार होऊ द्या." दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत गावोगावी नाटकं लागतात. मंडईची जत्रा असो की बैलांच्या शर्यतीचा शंकरपट, नाटक नसलं तर त्या गावात पाहुणा फिरकत नाही आणि सोयरीकही जुळत नाही. पण हिवाळ्यात लोक जे रातभर बघतात, ते आम्ही भर पावसाळ्यात लिहीत असतो. भाताची रोवणी चालू असते, घरभर ओल्या कपड्यांचा वास असतो, चुलीवर तरोट्याची भाजी रटरटत असते आणि डोक्यात खलनायक हसत असतो. पाऊस आला की लोकांना भजी आठवतात म्हणे. मला मुदती आठवतात.

परवा पुण्याच्या एका मुलीनं मला तिच्या ऑनलाईन कार्यशाळेत बोलावलं. नोकरी न करता घरी बसून लिहिणाऱ्या पोरापोरींसाठी होती. पडद्यावर चौकोनाचौकोनात चेहरे बसलेले, मागं नीटनेटकी कपाटं. मुलगी हुशार. माझी कामं तिनं भराभर वाचून दाखवली. पेपरातलं सदर, आरोग्याची माहितीपत्रकं, रेडिओच्या श्रुतिका आणि वेगवेगळ्या कंपन्यांची नाटकं, सगळं एकाच वेळी. मग म्हणाली, "ताई, हे सगळं तुम्ही कसं सांभाळता? कुठलं ॲप वापरता?"

मी म्हटलं, "जागा वापरते."

"म्हणजे?"

"म्हणजे पत्रकं चुलीपाशी. सदर ओसरीवर. नाटक बैलांच्या कोठ्यात."

चौकोनातले सगळे चेहरे हसले. त्यांना वाटलं, खेड्यातली बाई आहे, गंमत करते. मीही हसले. पण मनातून मला थोडा रागच आला, खोटं कशाला बोलू. कारण माझ्याकडे आजवर एकही काम रखडलेलं नाही, आणि याचा मला अभिमान आहे, चांगला भरपूर आहे. तो मी काही पुण्याला विचारून मिळवलेला नाही.

फोन ठेवला आणि बाहेर पाहिलं तर पावसाची सर आली होती. छपराच्या कवेलूंवरून पाणी ओघळत होतं. नवऱ्याची जाळी ओसरीच्या आढ्याला टांगलेली होती आणि त्यांचा तो वास घरभर सुटला होता, थोडा शेवाळाचा, थोडा माशांचा. आमच्या ढिवरांच्या घरात हा वास कुणाला जाणवतसुद्धा नाही. त्या दिवशी मात्र मला जाणवला, आणि तो एक पावसाळा डोळ्यांपुढं उभा राहिला.

तोवर मी लेखिका नव्हते. मी प्रती काढणारी होते. झाडीपट्टीतल्या नटांना तालमींना वेळ नसतो, आज या गावात, उद्या त्या गावात. म्हणून स्टेजच्या कडेला प्रॉम्प्टर बसतो आणि एकेक वाक्य नटाला पुरवतो. त्याला दिव्याच्या अंधुक उजेडात वाचता येईल अशी मोठ्या, सुट्या अक्षरातली प्रत लागते. माझं अक्षर चांगलं. लग्न होऊन आले तेव्हापासून कंपन्या मला लेखकांची खरडलेली हस्तलिखितं आणून देत आणि मी ती स्वच्छ उतरवून देई. दुसऱ्याची नाटकं उतरवता उतरवता मला कळायला लागलं की टाळी कुठं पडते, बाया पदर डोळ्यांना कधी लावतात, आणि कुठल्या वाक्याला मागचे लोक पान खायला उठतात. एखादं वाक्य लंगडं दिसलं की माझा हात थांबायचा. वाटायचं, बाई गं, हे असं नाही, असं पाहिजे.

मग मी स्वतःच लिहायला बसले. दोन कंपन्यांनी थोडं पाहून होकार दिला. एकीला विनोदी नाटक हवं होतं, त्यातली नायिका चंपा, तोंडाची फटाकडी. दुसरीला दोन भावांचं भांडण आणि मधे भरडलेली म्हातारी आई हवी होती. तिसरे होते केशवभाऊ. त्यांची कंपनी मोठी, वडशाच्या रस्त्यावर सगळ्यात मोठा बोर्ड त्यांचाच. त्यांना मी माझं लाडकं नाटक सांगितलं. रुक्मा नावाच्या बाईचा नवरा तलावात बुडून मरतो. तलावाची सोसायटी म्हणते, मासेमारी पुरुषाच्या नावावर, बाईचं नाव कसं लावायचं? आणि रुक्मा नाव लावून घेतल्याशिवाय हटत नाही.

केशवभाऊंनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, अक्षर तुमचं मोत्यावानी हाय, त्याच्यात वाद नाई. पन नाटक लिवनं वेगळं असते. घटस्थापनेले पूर्न नाटक वाचून दाखवा. पसंत पडलं तं पोस्टरावर लेखिका म्हनून तुमचं नाव टाकतो. नाई जमलं तं मी जुनं नाटक काढतो, अन् तुमी आपल्या प्रती काढा. मंग पुढं मले नाटकाचं नोका इचारू."

कंपन्यांची ऑफिसं एकाच रस्त्याला, एकमेकांना लागून. केशवभाऊंनी नाकारलं असतं तर संध्याकाळपर्यंत बाकीच्या दोघांनीही माझी नाटकं परत पाठवली असती. ढिवराची सून, प्रती काढता काढता लेखिका व्हायला निघाली होती, म्हणून गाव हसलं असतं ते वेगळंच. मला सगळं माहीत होतं. तरी मी हो म्हटलं.

जागांचं मी काही ठरवून केलं नव्हतं. चंपा ओसरीवर सुचायची, कारण ओसरीवरून रस्ता दिसतो. रोवणीला जाणाऱ्या बाया तिथून भांडत, चिडवत, एकमेकींच्या सासवांच्या नकला करत जायच्या. मला फक्त कान उघडे ठेवायचे होते. दोन भावांचं नाटक चुलीपाशी. ओल्या लाकडांच्या धुरानं डोळे वाहतच असायचे, मग म्हातारीचा रडका सीन आपोआप उतरायचा. आणि रुक्मा लिहायला मी जायची तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर. तिथं राखणीची एक झोपडी होती. माझा नवरा दिवसा मासे राखायला तिथं बसायचा, जाळी सांधत. तो बोलत नाही फारसा. त्याची बांबूची सुई दोऱ्यातून खाली-वर व्हायची, पाळीखाली पाणी थपथपायचं, आणि रुक्मा एकेक पाऊल टाकत पुढं यायची.

आमच्या आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, ही व्यवस्था माझ्याआधी कळली. त्यांनी घराचा कारभारच त्याप्रमाणे सुरू केला. कुणी अंगणात आलं की त्या दारातूनच हाकारायच्या, "ओसरीवर चंपा बसली हाय, तुमी मांगच्या दारानं या!" शेजारीण बिचारी मागच्या दारानं यायची आणि हळूच विचारायची, "कोन पाहुनी आली वो?" गावात बरेच दिवस समज होता की आमच्याकडे चंपा नावाची कुणी माहेरवाशीण येऊन राहिली आहे. एकीनं तर तिच्यासाठी सात्या, म्हणजे पावसानंतर उगवतात त्या अळिंब्या, आणून दिल्या. आत्याबाईंनी त्या घेतल्याही.

आता विचार करते तेव्हा वाटतं, लिहिणाऱ्या माणसाचं खरं दुखणं वेळ नाहीच. वेळ कुणाकडे आहे? दुखणं हे की डोकं एक आणि त्यात पाहुणे अनेक. एकाला पाट मांडावा तर दुसराच येऊन बसतो. पुण्याच्या पोरी रंगीत चिठ्ठ्या लावतात, त्यांचं त्यांना लखलाभ. मी पाहुण्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवते. ज्याच्यासाठी चहा टाकला त्याच्याच खोलीत जाते. दुसऱ्याकडे जायचं असलं तर उठावं लागतं, आणि उठताना माणूस मागचं थोडं सांडून देतो. माझं तरी असंच होतं.

पोळ्याच्या आधी झड लागली. सूर्य दिसेनासा झाला. तलाव तुडुंब भरला, सांडव्यावरून पाणी धो धो जाऊ लागलं, आणि एका सकाळी पाळीचा एक तुकडा खचून राखणीची झोपडी पाण्यात बसली. आत कुणी नव्हतं, देवाची कृपा. नवऱ्यानं जाळी घरी आणून आढ्याला टांगली. रुक्माचे कागद बियाण्याच्या प्लास्टिक पिशवीत बांधून माझ्याजवळ होते, ते कोरडे होते. म्हटलं, चला, गेली तर झोपडी गेली. नाटक तर हातात आहे.

कसलं हातात! ओसरीवर रुक्मा घेऊन बसले तर ती ठुमकायला लागली. चुलीपाशी बसले तर मुळूमुळू रडायला लागली. मला वाटलं, असंच असेल, थकले असेन, पुढं लिहीत राहावं. लिहीत राहिले.

दुपारी आत्याबाई तांदूळ निवडायला बसायच्या आणि मी लिहिलेलं त्यांना वाचून दाखवायची. झाडीपट्टीचं नाटक कानानं पारखायचं असतं, डोळ्यानं नाही. त्या दिवशी मी रुक्माचा सोसायटीच्या सभेतला प्रवेश वाचला. आत्याबाईंचा सुपातला हात थांबला.

"हे कोन बोलून राह्यली वो?"

"रुक्मा."

"हे रुक्मा नोहे. हे तं ओसरीवरली चंपा हाय. भर सभेत कंबरेवर हात ठिवून बोलून राह्यली. चंपा तलावावर काऊन गेली?"

मी चिडले. म्हटलं, तुम्हाला कळत नाही, तुम्ही तांदूळ निवडा. त्या बिनबोभाट निवडू लागल्या. मी तेच पान पुन्हा मनात वाचलं. चंपाच होती ती. नवरा मेलेली, हक्कासाठी उभी राहिलेली बाई सोसायटीच्या अध्यक्षाला डोळे मोडून टोमणे मारत होती. त्याच्या मागच्या पानावर तीच बाई दोन भावांच्या आईसारखी देवाला आळवत होती. माझी रुक्मा मधल्यामधे कुठंतरी हरवली होती.

मी पानं फाडली. पुन्हा लिहिली, पुन्हा फाडली. पोळा आला, पाहुणे आले, पुरणाच्या पोळ्या झाल्या, बैलांची शिंगं रंगली. माझ्या जिवाला चैन नव्हतं. चंपाचं नाटक पुरं झालं, भावांचं होत आलं, रुक्मा जिथल्या तिथं. तेवढ्यात केशवभाऊंचा फोन आला. "बाई, जमत नसन तं आत्ताच सांगा. लाजाचं काम नाई. प्रती काढाचं काम हायच तुमच्यासाठी." ते चांगल्या मनानं बोलले, हे मला आज समजतं. तेव्हा मात्र ते शब्द मिरचीसारखे झोंबले.

मी फोन ठेवला आणि नवऱ्याला सरळ सांगितलं, "मी हारली. झोपडी गेली, नाटक गेलं. मी प्रतीच काढतो आता."

तो उठून कोठ्यात गेला. बैलांना एका अंगाला बांधलं, खालचं शेण-मूत धुऊन काढलं, कोरडा पेंढा पसरला, जुन्या गव्हाणीवर आडवी फळी टाकली. मग आढ्यावरची जाळी काढून आणली आणि फळीच्या पलीकडं मांडी घालून बसला.

"इथी बस," म्हणाला. "मी इथीच हावो."

मी बसले, पण विश्वास ठेवून नव्हे. म्हटलं, बैलांच्या शेजारी काय नाटक सुचणार? बैल रवंथ करत होते, कवेलूंवर पाऊस वाजत होता, माशा जीव नकोसा करत होत्या. नवऱ्याची सुई दोऱ्यातून खाली गेली, वर आली. आणि बघता बघता रुक्मा आली. हात जोडले नव्हते, डोळे मोडले नव्हते, नुसती उभी होती. तेव्हा मला उमगलं, मी जिला जागा म्हणत होते ती झोपडी नव्हतीच. माझ्या शेजारी न बोलता कुणीतरी आपलं काम करत होतं, तेवढ्यावर ती बाई बोलत होती.

मग रोज कोठा. सकाळचं घरातलं आवरलं की मी फळीवर आणि तो जाळ्यापाशी. रुक्मा धावत सुटली. एक दिवस मी एका वाक्याशी अडले आणि सहज वर पाहिलं. नवऱ्यानं जाळ्याचा एक धड, मजबूत भाग मांडीवर घेतला होता आणि ब्लेडनं त्याचे डोळे, म्हणजे विणीचे चौकोन, कापत होता. कापून झाल्यावर त्यानं सुईत दोरा भरला आणि तेच डोळे सांधायला घेतले.

"हे काय करून राह्यले तुमी?"

"फाटलं हाय."

"आत्ता तं कापलं तुमी! मी पाह्यलं ना."

"मंग आता फाटलंच ना," तो खाली बघूनच म्हणाला. "तू लिव."

फाटलेली जाळी कधीचीच संपली होती. मी बसावं म्हणून हा माणूस चांगली जाळी कापून पुन्हा विणत होता, किती दिवसांपासून कोण जाणे. जाळं म्हणजे ढिवराचं पोट. त्याच्यावर कुणी पाय दिलेला त्याला खपत नाही, बाई ओलांडून गेली तरी तो ओरडतो. माझा ऊर असा भरून आला की कागद दिसेना. पण मी रडले नाही, कारण रुक्माचा शेवटचा प्रवेश चालू होता आणि मला माझं रडणं तिच्यात जाऊ द्यायचं नव्हतं. मी लिहीत राहिले.

घटस्थापनेला वडशाला गेले. केशवभाऊंच्या ऑफिसात त्यांचे नट, पेटीवाला, प्रॉम्प्टर सगळे बसले होते. मी वाचायला सुरुवात केली तेव्हा आवाज बारीक होता, सभेच्या प्रवेशापर्यंत खणखणीत झाला. शेवट झाला. केशवभाऊंनी कानावरची विडी काढली, पुन्हा कानावर ठेवली.

"बाई, हे रुक्मा रडत नाई कुठी?"

"नाई रडत."

"झाडीपट्टीत हिरोईन रडली नाई तं चालते का? बाया काय पाहाले येतील?"

मी म्हटलं, "भाऊ, रुक्मा रडनार नाई. पाहनाऱ्या बाया रडतील."

प्रॉम्प्टर कोपऱ्यात बसला होता, आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं पुरवणारा माणूस. त्यानं गमछ्यानं डोळे पुसले आणि नाक ओढलं. केशवभाऊंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पेंटरले बोलवा," ते बाहेर बघून ओरडले. "पोस्टराचा मजकूर लिवून घ्याचा हाय."

आता कोठ्यात बैल नाहीत, नाव तेवढं राहिलंय. ते विकले, मळणीला आता यंत्र येतं. तिथं फरशी आहे, पंखा आहे, लॅपटॉपची वायर आहे. पुण्याच्या मुलीनं नंतर फोन करून विचारलं, "ताई, खरंच तिथं बसता?" म्हटलं, ये एकदा. तरोट्याची भाजी खा आणि बस. येते म्हणाली आहे. आणखीही बायांना मी हेच सांगते. आमच्या भागातल्या कितीतरी पोरी आता लिहितात, कुणी मालिकांसाठी, कुणी बातम्या. फोन करून रडतात, "बाई, सगळं गोंधळून जाते वो." मी विचारते, कुठं बसतेस? बहुतेक जणी पलंगावर बसतात, आणि सगळंच पलंगावर लिहितात. मग कसं व्हायचं? तिथं झोपही येते आणि नवराही येतो.

त्या वर्षी दसऱ्यानंतर रुक्माच्या नाटकाची पोस्टरं लागली. वडशाच्या बाजारातल्या भिंती, विजेचे खांब, बसस्टँडचा मांडव, जिकडं तिकडं तीच. वर नटांचे मोठमोठे चेहरे, मधे नाटकाचं नाव, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात एक ओळ. आत्याबाई म्हणाल्या, मले बाजारात घेऊन चाल, कांदे घ्याचे हायत. मी पिशवी घेऊन निघाले. पहिल्याच खांबापाशी त्या थांबल्या आणि कॉलेजात जाणाऱ्या एका पोरीला अडवलं.

"पोरी, मले वाचता येत नाई. हे खाली बारीक अक्षरात काय लिवलं हाय?"

पोरगी वाकली. "लेखिका सुनंदा..." तिनं माझं अख्खं नाव वाचलं, माझं, मग नवऱ्याचं, मग आडनाव.

"कोन म्हनलं? जरा जोरात सांग, मले आयकू येत नाई."

पोरीनं जोरात वाचलं. बाजूचे दोघे-तिघे वळून पाहू लागले. "असं व्हय," आत्याबाई म्हणाल्या, "बरं, जा." आणि पुढच्या भिंतीपाशी एका मास्तरला गाठलं. मग एका कंडक्टरला. मग बांगड्या विकणाऱ्या बाईला. मी लाजेनं मेले होते. मागून कुजबुजले, "आत्याबाई, पुरे ना आता, कांदे राह्यले." त्यांनी लक्षच दिलं नाही. शेवटी पानठेल्यावरचा माणूस नाव वाचून हसला. म्हणाला, "आजी, हे तं तुमचीच सून हाय ना? मांगं उभी हाय ते?"

आत्याबाईंनी वळून मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, जशी काही आजच पाहिली.

"मले काय मालूम, बापू," त्या म्हणाल्या. "मले वाचता येत नाई."

आणि पदर सारखा करून पुढच्या खांबाकडं निघाल्या.